तालुका मेळाव्याची जागा ठरवताना या चुका टाळा

पक्षाच्या मेळाव्याचे वक्ते, हार, जेवण सगळं आधी ठरतं. जागेची चौकशी मात्र पत्रिका वाटून झाल्यावर होते, आणि घोळ तिथेच सुरू होतो.

सर्वांत गंभीर चूक म्हणजे देवळाचा सभामंडप. सावली असते, भाडं नसतं, माणसं आपसूक जमतात. पण धार्मिक संस्थांचा गैरवापर रोखणाऱ्या १९८८च्या केंद्रीय कायद्याने अशा जागेत पक्षाची सभा घ्यायला किंवा पक्षासाठी निधी गोळा करायला मनाई आहे. हे बंधन आचारसंहितेपुरतं असतं, असा समज गावोगाव आहे. तो चुकीचा आहे. बंदी बाराही महिने असते आणि मशीद, चर्च, गुरुद्वारा, मठ सगळ्यांना लागू असते. शिवाय ती संस्थेच्या मालकीच्या किंवा ताब्यातल्या कुठल्याही जागेला आहे. म्हणजे देवस्थानचं भक्तनिवास किंवा मंगल कार्यालयही त्यात आलं, रीतसर भाडं भरलं तरीही. शिक्षा पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड. संस्थेचा व्यवस्थापक त्यात अडकतोच, शिवाय या कामाशी संबंध असलेला प्रत्येक जण अडकतो. ज्या विश्वस्ताने भिडेखातर किल्ली दिली, त्याला असं गोत्यात आणणं मला अक्षम्य वाटतं. म्हणून कार्यालय ठरवण्याआधी मालकी कुणाची ते विचाराच. आगाऊ रक्कम देऊन बसला असाल, तर ती बुडाली तरी चालेल, जागा बदला.

दुसरी चूक तोंडी परवानगीची. ‘साहेबांशी बोलणं झालंय’ हा कागद नव्हे. जागामालकाचं लेखी संमतिपत्र, पोलिस ठाण्याला अर्ज, ध्वनिक्षेपकाची वेगळी परवानगी, आणि प्रत्येक अर्जाची पोच. २०२२मध्ये शिवाजी पार्कवरच्या दसरा मेळाव्याची परवानगी महापालिकेने नाकारली आणि प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. निकाल २३ सप्टेंबरला लागला, मेळावा ५ ऑक्टोबरला होता. तालुका शाखेला इतकी धावपळ झेपणार नाही, अर्ज लवकर करा.

उघड्या मैदानावर रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद. जवळ शाळा, रुग्णालय किंवा न्यायालय असेल तर शांतता क्षेत्र जाहीर झालंय का, हेही पोलिस ठाण्यातच कळेल.

आचारसंहिता लागली की शासकीय विश्रामगृह विसरा. तिथे मुक्कामाला खोली मिळू शकते, प्रचाराची सभा घेता येत नाही. आवारातसुद्धा नाही.