अरुंद पुलावर सायकल आणि पायी चालणारे: या चुका टाळा

साध्या रस्त्यावर सायकलवाला आणि पायी चालणारा समोरासमोर आले, तर दोघांनाही बाजूला व्हायला जागा असते. चालणारा कडेच्या गवतात उतरतो, सायकलवाला थोडं वळण घेतो, आणि कुणाला काही जाणवतही नाही. पुलावर ही सोय नसते. एका बाजूला कठडा, दुसऱ्या बाजूला वाहनांचा रस्ता किंवा दुसरा कठडा. चुकीला माफी मिळेल अशी जागाच तिथे नाही. रोज खपून जाणाऱ्या सवयी त्यामुळे पुलावर चढल्या की महागात पडतात. धक्का बसलेला माणूस कठड्यावर आपटतो, नाहीतर थेट वाहनांपुढे पडतो.

घंटी, पाट्या, रंगवलेल्या रेघा या सगळ्यांचा उपयोग आहे, पण तो नंतरचा. अरुंद पुलावर आधी दोघांच्या वेगातला फरक कमी व्हायला हवा. तो कमी करण्याचं काम मागून येणाऱ्याचं, म्हणजे जवळजवळ नेहमी सायकलवाल्याचं. मी स्वतः सायकल चालवतो, आणि तरीही हे ठामपणे लिहितो आहे.

चूक: दोन मीटर म्हणजे दोघांना पुरेसं, असं समजणं

हँडल साधारण ६० ते ७० सेंटीमीटर रुंद असतं, म्हणून तेवढीच जागा लागते असं वाटतं. पण सायकल कधीच काटेकोर सरळ रेषेत जात नाही. तोल सांभाळताना ती सतत थोडी डावी-उजवीकडे होत राहते, म्हणून मार्ग आखणारे अभियंते एका सायकलस्वारासाठी साधारण १ मीटर धरतात. शिवाय कठड्याला घासून कुणी चालवत नाही. हँडलचं टोक किंवा पेडल अडकेल या भीतीने आपण नकळत अर्धा मीटर तरी सोडतो. आता २ मीटरच्या पट्ट्यात बेरीज करा. सायकलीचा एक मीटर, कठड्यापासून सोडलेला अर्धा मीटर, आणि उरला अर्धा मीटर. चालणाऱ्या माणसाला, त्याचे हलते हात धरून, पाऊण मीटर तरी लागतो. म्हणजे हिशेब बसतच नाही. तरीही लोक एकमेकांना ओलांडून जातात, कारण प्रत्येक वेळी कुणीतरी अंग चोरतं.

ब्रिटनमध्ये २०२० साली सायकल मार्गांच्या आखणीची सरकारी मार्गदर्शिका निघाली. तिच्यात सायकल आणि पादचारी यांच्या सामाईक मार्गासाठी ३ मीटर रुंदी धरली आहे, आणि तासाला ३०० पेक्षा जास्त सायकली जात असतील तर साडेचार मीटर. जुन्या पुलांवरचे बहुतेक पदपथ याच्या जवळपासही जात नाहीत. म्हणून पुलावर शिरताना सरासरी रुंदीचा विचार करू नका. दिव्याचा खांब, तारेचा आधार, बाक किंवा मनोरा जिथे आत घुसलेला आहे, ती सगळ्यात अरुंद जागा लक्षात ठेवा. तिथे ओलांडणं बंद. मागे थांबा आणि पुढे मोकळं झाल्यावर जा.

चूक: घंटी वाजवली की काम झालं

माझ्या मते सर्वांत जास्त घोटाळा इथेच होतो. घंटी म्हणजे ‘मी मागे आहे’ एवढी सूचना. ‘बाजूला व्हा’ असा हुकूम नव्हे.

ताशी २० किलोमीटरने येणाऱ्या सायकलवाल्याने पाच मीटरवरून घंटी वाजवली, तर समोर ताशी ५ किलोमीटरने चालणाऱ्याला सव्वा सेकंद मिळतो. तेवढ्या वेळात त्याला आवाज ऐकायचा असतो, तो कुठून आला हे ओळखायचं असतं आणि कुठे सरकायचं ते ठरवायचं असतं. दचकलेला माणूस आधी मागे वळून पाहतो. आणि ज्या खांद्यावरून तो पाहतो, त्याच बाजूला त्याचं शरीर अर्धं पाऊल सरकतं. जोडीने चालणारे दोघे असतील तर एक डावीकडे, एक उजवीकडे होतो, मग एकाला वाटतं आपण दुसऱ्याच्याच बाजूला असायला हवं, आणि तो नेमका तुमच्या पुढून पलीकडे जातो. लहान मूल तर हमखास आईबाबांकडे धावतं, ते मधल्या जागेच्या कुठल्याही बाजूला असोत.

याचा उपाय असा. आधी वेग कमी करा, मग वीस-पंचवीस मीटरवरून एकदाच, हलकी घंटी द्या. समोरच्याला पाच-सहा सेकंद तरी मिळतात आणि तो दचकत नाही. त्याने वळून पाहिलं, हात केला किंवा स्पष्टपणे एका बाजूला झाला, तरच पुढे जा.

काहीच प्रतिसाद आला नाही तर? पुन्हा-पुन्हा वाजवत सुटू नका. ऐकूच गेलं नाही असं धरून चाला. उंच पुलावर वारा समोरून असेल तर तुमची घंटी तुमच्याच मागे वाहून जाते. खालून नदीचा, बाजूने वाहनांचा आवाज असतो. त्या माणसाच्या कानात हेडफोन असतील किंवा त्याला कमी ऐकू येत असेल. ब्रिटनच्या हायवे कोडमध्ये, म्हणजे तिथल्या रस्ता-वाहतुकीच्या नियमावलीत, २०२२ साली बदल झाले तेव्हा सायकलस्वारांसाठी हे लिहूनच ठेवलं: पादचाऱ्यांच्या फार जवळून किंवा वेगाने, विशेषतः मागून, जाऊ नका, आणि समोरच्याला ऐकू येत नसेल किंवा दिसत नसेल हे ध्यानात ठेवा.

अशा वेळी आवाज द्यावा. पण ‘उजवीकडून!’ असं ओरडू नका. घाईत माणसाला फक्त दिशा ऐकू येते आणि तो त्याच दिशेला उडी मारतो. ‘मागे सायकल आहे, सावकाश होऊ द्या’ हे पुरतं. ओलांडून झाल्यावर धन्यवाद म्हणायला विसरू नका. पुढच्या सायकलवाल्याला हाच माणूस आनंदाने जागा देईल.

चूक: वेळ वाचवायला जाणं

३०० मीटरचा पूल ताशी २० किलोमीटरने गेलात तर ५४ सेकंद लागतात. ताशी १० ने गेलात तर १०८. म्हणजे वेग निम्मा केल्याची किंमत एक मिनिटही नाही. बदल्यात काय मिळतं ते पाहा. ताशी २० च्या वेगात, भानावर यायला एक सेकंद धरला तर तेवढ्यातच साडेपाच मीटर निघून जातात, आणि ब्रेक लागून थांबेपर्यंत एकूण दहा-अकरा मीटर होतात. ताशी १० ला हेच अंतर चार मीटरच्या आसपास येतं. धडकेतली ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे वेग निम्मा केल्यावर ती चौथ्या हिश्श्यावर येते. एवढ्या स्वस्तात एवढी सुरक्षितता दुसरीकडे कुठे मिळत नाही.

कमानदार पुलावर आणखी एक गोष्ट होते. चढावर दमलेला माणूस माथा ओलांडल्यावर पाय सैल सोडतो आणि उतारावर सायकल आपोआप वेग घेते. माथ्यापलीकडचं तर चढताना दिसलेलंच नसतं. माथ्याच्या अलीकडे ओलांडायला जाऊ नका, आणि पलीकडे उतरताना बोटं ब्रेकवर ठेवा. ई-सायकलवाल्यांनी हे अधिक मनावर घ्यावं, कारण त्यांना चढावरही वेग मिळतो आणि मोटर-बॅटरीचं वजन थांबण्याच्या आड येतं. पुलापुरती मोटरची मदत सगळ्यात खालच्या पायरीवर आणा.

चूक: तिघांनी एकाच ठिकाणी गाठ घालणं

तुमच्या पुढे चालणारा, समोरून येणारा आणि तुम्ही, असे तिघे एकाच खांबापाशी पोहोचणार असाल तर थांबायचं तुम्ही. ‘मधून काढतो’ हा विचार तिथेच सोडा. समोरून येणाऱ्याला आधी जाऊ द्या. मागे राहून चालण्याच्या वेगाने सायकल चालवता येत नसेल, हँडल डगमगत असेल, तर सरळ पाय टेका. फार कमी वेगात सायकल जास्त जागा घेते, कमी नाही.

चूक: उतरून ढकललं की प्रश्न सुटतो

पुष्कळ पुलांवर ‘सायकलवरून उतरा’ अशी पाटी असते. असेल तर पाळा, त्यात वाद नको. पण हेही लक्षात घ्या की सायकल आणि तिच्या शेजारी चालणारा माणूस मिळून सायकलवर बसलेल्या माणसापेक्षा जास्त रुंद होतात. उतरून ढकलताना म्हणून स्वतः कठड्याच्या बाजूला आणि सायकल लोकांच्या बाजूला असं करू नका. पेडल आणि चेनचाक दुसऱ्याच्या पोटरीला लागतं. सायकल कठड्याकडे, तुम्ही आतल्या बाजूला. गर्दीत अनेक सायकली असतील तर एकामागे एक.

पायी चालणाऱ्यांनी टाळायच्या चुका

त्या कमी आहेत आणि सोप्या आहेत. शेजारी-शेजारी चालून पूर्ण पट्टा अडवू नका. फोटो काढायला थांबायचं असेल तर आधी मागे पाहा, मग कठड्याला टेकून उभे राहा. चालता-चालता मागे पाऊल टाकणं सगळ्यात वाईट. कुत्र्याचा पट्टा आखडून धरा, कारण लांब सैल पट्टा म्हणजे पुलावर आडवी बांधलेली दोरी. हेडफोन निदान एका कानातून काढा. आणि घंटी ऐकल्यावर उडी मारू नका, आपल्या रेषेत चालत राहा. सायकलवाल्याला तुमचं पुढचं पाऊल ओळखता आलं की तो तुम्हाला चुकवू शकतो.

एक गोष्ट मात्र सगळ्यांसाठी आहे. पांढरी काठी घेऊन चालणारी व्यक्ती बहुतेकदा कठड्याच्या किंवा कडेच्या आधाराने वाट काढते. तिला त्या बाजूवरून हलायला लावू नका, मग पुलाचा नियम डावीकडून चालायचा असो की उजवीकडून. आपण वळसा घ्यायचा, किंवा थांबायचं. शेजारून गुपचूप सटकणंही चूक आहे. हळू बोलून कळवा.

ओली जोडपट्टी आणि वारा

पूल तापमानाप्रमाणे लांबतो-आखडतो, म्हणून त्याच्या सांध्यांवर लोखंडी पट्ट्या असतात. पावसात त्या निसरड्या होतात, लाकडी फळ्यांचंही तेच. त्यावर तिरकं जाऊ नका, ब्रेक लावू नका, वळण घेऊ नका. वेग आधी कमी करून सरळ काटकोनात पार करा. म्हणजेच सांध्याजवळ कुणाला ओलांडायला घेणं मुळात चुकीचं, कारण ओलांडताना हँडल वळवावंच लागतं.

मोठ्या पुलांवर मनोऱ्याच्या आडोशाला वारा अचानक थांबतो आणि बाहेर पडताच बाजूने झोत येतो. त्या क्षणी तुमच्या शेजारी कुणी चालत असेल तर तोल सावरायला जागाच नसते.

रात्री पुढचा दिवा खाली झुकवा. अरुंद पट्ट्यात समोरून आलेला प्रखर, उघडझाप करणारा दिवा चालणाऱ्याला आंधळं करतो. मग त्याने बाजूला व्हावं ही अपेक्षा कशी करायची?

एवढं करूनही पुलावर रोज खटके उडत असतील तर

मग दोष माणसांचा नसून जागेचा आहे, आणि मधोमध रेघ मारून तो जात नाही. न्यू यॉर्कच्या ब्रुकलिन पुलावर वरच्या लाकडी पदपथावर सायकलवाले आणि पायी चालणारे रंगवलेल्या रेघेने वेगळे केलेले होते. गर्दीत ती रेघ पाळणं कुणालाच जमेना. शेवटी सप्टेंबर २०२१ मध्ये मोटारींची एक मार्गिका काढून ती सायकलींना दिली, आणि वरचा पदपथ फक्त चालणाऱ्यांचा झाला. सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पुलाला दोन बाजूंना दोन पदपथ आहेत, त्यामुळे तिथे पायी चालणारे पूर्वेकडून जातात आणि पश्चिमेकडची बाजू सायकलींसाठी वापरता येते.

अशी मागणी करायची असेल तर ‘सायकलवाले बेशिस्त आहेत’ किंवा ‘लोक बाजूला होत नाहीत’ असं लिहून काही होत नाही. पुलाच्या मालकीच्या यंत्रणेला मोजमाप द्या. सगळ्यात अरुंद जागी कठड्यापासून खांबापर्यंत किती सेंटीमीटर आहेत, गर्दीच्या एका तासात किती सायकली आणि किती माणसं गेली, माथा किंवा वळणामुळे समोरचं किती मीटरवरून दिसतं, कठड्याची उंची किती आहे, कुठले सांधे निसरडे आहेत. फोटोत टेप लावलेला दिसू द्या. आणि अर्जावर दोघांच्याही सह्या घ्या, रोज सायकल नेणाऱ्यांच्या आणि रोज चालणाऱ्यांच्या.