केस घरी रंगवायचे की पार्लरमध्ये?
नुसते पांढरे केस झाकायचेत आणि शेड आपल्याच केसांच्या जवळची आहे तर घरीच करा, उगाच पैसे घालवू नका. पण डाय लावून काळे केलेल्या केसांचे लाइट ब्राऊन करायचे असतील तर सरळ पार्लर गाठा, कारण आधी लावलेला डाय नव्या डायने उजळत नाही, ब्लीच लागतं आणि ते घरी फसतंच.

घरी करताना 48 तास आधी कानामागे थोडा डाय लावून बघा, हे प्लीज टाळू नका, काळ्या डायमधल्या पीपीडीने (रंग देणारं केमिकल, काहींना त्याची ॲलर्जी येते) माझ्या मावशीचे डोळे सुजून बंद झाले होते! कपाळाच्या कडेला व्हॅसलिन, वाटी प्लॅस्टिकची, आधी फक्त मुळांना लावा आणि शेवटची 5-10 मिनिटंच खाली ओढा, नाहीतर टोकं कोळशासारखी दिसतात.