जुनाट अंगदुखीत आखडलेले स्नायू सैल कसे करावेत

मान, पाठ किंवा कंबर तीन महिन्यांहून अधिक काळ दुखत राहिली, तर तिला जुनाट दुखणे म्हणतात. तासगाव भागात ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्षाच्या विरळणीसाठी मांडवाखाली दिवसभर हात वर धरून उभे राहणाऱ्यांचे खांदे संध्याकाळी भरून येणे साहजिकच आहे. परंतु अंथरुणावर पडल्यावरही ते कानांकडे ओढलेलेच राहत असतील, तर त्यामागे कष्टांबरोबर ताणही असतो. अवकाळीची धास्ती किंवा सोसायटीच्या हप्त्याची काळजी मनात घोळू लागली की श्वास वरवरचा होतो आणि जबडा व मानेचे स्नायू आवळले जातात. दुखरी जागा सांभाळण्यासाठी आजूबाजूचे स्नायू आधीच ताठलेले असतात. त्यात ही भर पडून झोप मोडते आणि दुसऱ्या दिवशी तेच दुखणे अधिक जाणवते. यावरून कोणी ‘हे सगळे मनाचे आहे’ असे म्हटले, तर ते मुळीच मानू नये. दुखणे खरेच असते.

पायात जोर न राहणे, जांघेत बधिरपणा येणे, लघवी-शौचावरचा ताबा जाणे, दुखण्यासोबत ताप येणे किंवा कारणाशिवाय वजन घटणे, यांपैकी काहीही असल्यास व्यायामात वेळ न दवडता सांगली-मिरजेतील रुग्णालय ताबडतोब गाठावे.

एरवी, अमेरिकन डॉक्टर एडमंड जेकबसन यांनी 1920 च्या दशकात विकसित केलेली, स्नायू क्रमाक्रमाने सैल करण्याची पद्धत घरी करता येते. पाठीवर झोपून गुडघ्यांखाली उशी किंवा घडी घातलेली वाकळ घ्यावी. उजवी मूठ पाचेक सेकंद आवळावी, मग एकदम सोडून अर्धा मिनिट हात जड होऊ द्यावा, आणि आवळलेला हात व सुटलेला हात यांतला फरक नीट अनुभवावा. सगळी मेख इथेच आहे, कारण वर्षानुवर्षे आखडलेल्या स्नायूचा आवळलेपणा आपल्या लक्षातच येत नाही. त्यानंतर डावा हात, खांदे, कपाळ, जबडा, पोट आणि पाय याच रीतीने घ्यावेत. दुखरा भाग आवळताना जेमतेम जोर लावावा, आणि तेवढ्यानेही कळ आली तर तो नुसताच सैल सोडावा. श्वास कोंडू नये. रक्तदाब असणाऱ्यांनी हे विशेष पाळावे.

रोज पंधरा-वीस मिनिटे, शक्यतो दुखणे कमी असताना, हा सराव करावा. कळ उसळल्यावर प्रथमच करू पाहणाऱ्याला तो सहसा जमत नाही. हात बसला की मांडवाखालीच, दर अर्ध्या तासाने हात खाली घेऊन खांदे सोडावेत, दातांवरचे दात सुटे करावेत आणि पोट फुगेल असा श्वास घेऊन तो सावकाश सोडावा. मुकादमाला आधी सांगून ठेवलेले बरे.

काही आठवड्यांनी दुखणे पूर्ण गेले का, हे पाहण्याऐवजी झोप किती सलग लागते आणि किती काम सोसते, हे पाहावे. चालू औषधे मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नयेत.