मलय सुलतानाचं चरित्र वाचायचं आणि लिहायचं कसं – जोहोरच्या अबू बकरला धरून

मलय सुलतानांबद्दल वाचायला बसलं की दुसऱ्याच पानावर डोकं गरगरायला लागतं, कारण तिकडे नावं कमी आणि पदव्या जास्त, त्यात एकाच घरात एकाच नावाची तीन-चार माणसं. मी जोहोरवर (सिंगापूरला लागून असलेलं, आजच्या मलेशियाच्या दक्षिण टोकाचं राज्य) पहिल्यांदा लिहायला घेतलं तेव्हा सुलतान अबू बकरचा बाप आणि मुलगा हा एकच माणूस समजून बसलो होतो (दोघंही इब्राहिम!), त्यामुळे माझ्या लेखात मेलेला बाप ३३ वर्षांनी येऊन परत गादीवर बसला. कुणी पकडलं पण नाही, आणि त्याचंच जास्त वाईट वाटलं. तर त्यानंतर ठेचा खात खात जी पद्धत हाताला बसली ती सांगतो. उदाहरण अबू बकरचंच घेतो कारण सगळे खाचखळगे त्याच्या एकट्याच्या आयुष्यात सापडतात.

सगळ्यात आधी चरित्र बाजूला ठेवा आणि एका कोऱ्या कागदावर नावांची उभी उतरंड काढा. मलय लोकांत आडनाव नसतं, "बिन" म्हणजे "चा मुलगा", एवढ्यावर सगळं चालतं. अबू बकरची उतरंड अशी येते – आजोबा तेमेंगगोंग (हे दरबारी पद, पुढे सांगतो) अब्दुल रहमान, वडील तेमेंगगोंग दाएंग इब्राहिम, मग हा अबू बकर (जन्म ३ फेब्रुवारी १८३३, सिंगापूरच्या तलोक ब्लांगाह भागात), मग मुलगा सुलतान इब्राहिम, नातू इस्माईल, पणतू इस्कंदर, आणि खापरपणतू परत इब्राहिम, जे ३१ जानेवारी २०२४ पासून अख्ख्या मलेशियाचे राजे आहेत. म्हणजे तीन इब्राहिम झाले. आता त्या आजोबांच्याच काळात शेजारी रियाऊला (सिंगापूरच्या दक्षिणेची बेटं) एक सुलतान अब्दुल रहमान पण होता, त्याचा आणि आजोबांचा घोळ करू नका, तो वेगळा. प्रत्येक नावापुढे पद आणि वर्ष लिहिल्याशिवाय पुढे जायचंच नाही, कितीही कंटाळा आला तरी.

मग पदव्या. इथे मराठी वाचणाऱ्याला एक फुकटचा फायदा आहे तो सोडू नका, कारण निम्मे शब्द ओळखीचेच निघतात. बेंदाहारा म्हणजे मलय दरबारातला मुख्य प्रधान, हा शब्द मूळ संस्कृत भांडागारवरून गेलेला. लक्सामाना म्हणजे आरमारप्रमुख, आणि हो, तो आपला लक्ष्मणच. सुलतानाच्या नावाआधी "दुली यांग महा मुलिया" असं लावतात त्यातली दुली म्हणजे धूळ, पायाची धूळ, म्हणजे राजाचं थेट नाव घ्यायचं नाही, त्याच्या पायधुळीला उद्देशून बोलायचं! आणि तेमेंगगोंग हा जुन्या दरबारात बंदोबस्त, बाजार, बंदर असलं बघणारा अधिकारी. हे शेवटचं नीट लक्षात ठेवा कारण आपला अबू बकर जन्माला आला तो या अधिकाऱ्याच्या घरात, सुलतानाच्या नाही.

बरेच लेख इथेच घसरतात, "सुलतान घराण्यात जन्म" असं ठोकून देतात. मुळात जोहोरचा खरा सुलतान वेगळ्या घराण्यातला होता. जुना सुलतान वारल्यावर थोरला मुलगा हुसेन लग्नासाठी शेजारच्या पहांग राज्यात गेलेला, तो तिकडे असताना रियाऊच्या बुगी (सुलावेसी बेटावरून आलेल्या) सरदारांनी धाकट्याला (तोच वरचा दुसरा अब्दुल रहमान) गादीवर बसवलं, आणि १८१९ मध्ये इंग्रजांच्या रॅफल्सला सिंगापुरात वखार टाकायला कुणाची तरी सही हवी होती म्हणून त्याने हुसेनला बोलावून सुलतान जाहीर केलं. ६ फेब्रुवारी १८१९ च्या तहात हुसेनला वर्षाला ५,००० स्पॅनिश डॉलर आणि अबू बकरच्या आजोबांना, म्हणजे तेमेंगगोंगना, ३,००० ठरले. पुढे हुसेनचा मुलगा अली नावाला सुलतान राहिला, आणि १० मार्च १८५५ च्या तहात त्याने जोहोरच्या पश्चिमेकडचा मुआर-कसांगचा तुकडा स्वतःकडे ठेवून बाकी अख्खा जोहोर दाएंग इब्राहिमला देऊन टाकला, बदल्यात महिन्याला ५०० डॉलर. छत्रपती साताऱ्याला आणि कारभार पुण्याला, हे ज्याला माहितीये त्याला हे समजावून सांगायला नको, फक्त इथल्या पेशव्याने पुढे जाऊन छत्रपतीपदच स्वतःला घेतलं.

हे कसं घेतलं ते बघायला तीन वर्षं एका ओळीत लिहा. १८६२ मध्ये बाप वारला आणि हा तेमेंगगोंग झाला. १८६८ मध्ये महाराजा. ११ डिसेंबर १८८५ च्या तहाने इंग्रजांनी त्याला सुलतान मानलं. झालं, त्याचं अर्धं चरित्र या तीन पायऱ्यांत आहे. एकदम उडी मारली नाही त्याने. १८६६ मध्ये इंग्लंडला जाऊन राणी व्हिक्टोरियाला भेटून आला, आणि मग महाराजा व्हायच्या आधी रियाऊला माणसं पाठवून वंशावळीच्या जाणकारांना विचारून घेतलं की बाबांनो असं पद घ्यायला आमच्या घराण्याला आधार आहे का. लहानपणी तलोक ब्लांगाहच्या मिशनरी शाळेत इंग्रजी शिकलेला, म्हणजे दोन्हीकडचे रीतिरिवाज कोळून प्यायलेला माणूस. त्यामुळे "राज्यकाळ" लिहिताना १८६२ ते १८९५ लिहायचं की फक्त सुलतान म्हणून १८८५ नंतरचा, हे आधीच ठरवा आणि वाचणाऱ्याला एका वाक्यात सांगा. कुठे ३३ वर्षं दिसतील कुठे जेमतेम ९, दोन्ही बरोबरच असतात, पण न सांगता मिसळलं की सगळं बोंबललं. आणि १८७० सालच्या गोष्टीत त्याला सुलतान म्हणू नका, तेव्हा तो महाराजा होता.

आता पैसा कुठून आला ते शोधा. राजवाड्यांची वर्णनं नंतर, आधी हे, कारण मला विचाराल तर अबू बकरला सुलतान केलं ते गांबियर आणि मिऱ्याने. गांबियर म्हणजे एका वेलीची पानं उकळून काढलेला घट्ट अर्क, आपल्या पानातल्या काताचा भाऊ म्हणा, कातडं कमवायला आणि रंगवायला बाहेर प्रचंड मागणी. जोहोरमध्ये तेव्हा जंगल आणि नद्या सोडून फारसं काही नव्हतं. मग पद्धत अशी पडली की चिनी म्होरक्याला एका नदीचा सनदपत्र द्यायचा, त्याला सुरात सुंगई म्हणायचे, सुरात म्हणजे पत्र आणि सुंगई म्हणजे नदी. त्या म्होरक्याला म्हणायचे कांगचू, नदीचा मालक. त्याने माणसं आणायची, जंगल तोडायचं, लागवड करायची. आणि यातली खुबी बघा, गांबियर उकळून उरलेला पाला टाकायचा नाही, तो मिऱ्याच्या वेलींच्या बुडाशी खत म्हणून घालायचा, म्हणून ही दोन पिकं कायम जोडीने. उकळायला लाकूड मात्र बेसुमार लागायचं, त्यामुळे आजूबाजूचं रान संपलं की मळा उठून पुढच्या जागी. सिंगापुरात आजही चोआ चू कांग, यिओ चू कांग, लिम चू कांग अशी नावं आहेत ती यातूनच. तेव्हा एखाद्या चरित्रात चिनी मळेवाल्यांना एकच ओळ दिलेली दिसली तर ते पुस्तक जरा जपूनच वापरा.

(बापाचा सुरुवातीचा पैसा वेगळा होता, तो गट्टा पर्चाचा. झाडाचा चीक, समुद्राखालच्या तारांना वेष्टण म्हणून वापरायचे. हे दोन वेगळे धंदे, यांची पण सरमिसळ होते लिहिताना.)

तह वाचताना मोठमोठी विशेषणं सोडा आणि फक्त दोन गोष्टी बघा, काय मिळालं आणि काय सोडलं. १८८५ च्या तहात त्याला सुलतान हे पद मिळालं, पण "जोहोर राज्य आणि प्रदेशाचा" एवढंच, आणि बदल्यात परराज्यांशी परस्पर व्यवहार न करायचं कबूल केलं. आता हे कोरडं वाटतं ना? तर याच कलमावरून लंडनच्या कोर्टात काय झालं बघा. मिगेल नावाच्या बाईंनी त्याच्यावर लग्नाचं वचन मोडल्याचा दावा लावला, त्यांचं म्हणणं हा माणूस इंग्लंडमध्ये आल्बर्ट बेकर या नावाने राहत होता (अबू बकर – ए. बेकर, मला अजून हसू येतं). दाव्यात वचन दिलं की नाही हा मुद्दा पुढे आलाच नाही. प्रश्न एवढाच उरला की परराष्ट्र व्यवहार दुसऱ्याच्या हातात दिलेला राजा अजून स्वतंत्र राजा म्हणायचा का. इंग्रज सरकारच्या खात्याने पत्र दिलं की हो, हा सार्वभौम राजाच, आणि कोर्टाने ते पत्र अंतिम मानून दावा काढून टाकला. ही केस १८९४ च्या कायदा अहवालात छापली आहे आणि आंतरराष्ट्रीय कायद्याची पोरं अजून पाठ करतात. तुम्ही लिहाल तेव्हा ती चटपटीत प्रेमकथा म्हणून लिहू नका, तहाच्या शेजारी ठेवा, मग दोन्ही उलगडतात.

तारखांचं पण सांगतो. जुने मलय कागद जावी लिपीत, म्हणजे अरबी अक्षरांत, आणि साल हिजरी. हिजरी वर्ष साधारण ११ दिवसांनी लहान, त्यामुळे ३३ इंग्रजी वर्षांची ३४ हिजरी होतात, आणि वय किंवा राज्यकाळ एका वर्षाने चुकलेला दिसला तर आधी हाच संशय घ्या.

जागेचं नाव पण काळाप्रमाणे बदलायचं. बापाने १८५५ मध्ये वसवलं ते तांजुंग पुतेरी, तांजुंग म्हणजे भूशिर आणि पुतेरी म्हणजे आपली पुत्री, राजकन्या या अर्थाने. १८६६ मध्ये अबू बकरने त्याचं जोहोर बहारू केलं, बहारू म्हणजे नवीन. तिथला इस्ताना बसार, म्हणजे मोठा राजवाडा, त्याच साली बांधला. पण त्याच्या नावाची जी सुंदर मशीद आहे तिचं काम १८९२ ला सुरू झालं आणि १९०० ला संपलं, तो गेला १८९५ ला, म्हणजे त्याने ती पूर्ण झालेली बघितलीच नाही. "सुलतानाने भव्य मशिदीत नमाज पढला" वगैरे रंगवायच्या आधी हे तपासत जा.

त्याला आधुनिक जोहोरचा जनक म्हणतात, म्हणू दे, पण एकदा तरी विचारा की यात हरलं कोण. नावाचा सुलतान अली १८७७ मध्ये वारला, त्याच्या वाट्याचा मुआर इंग्रजांच्या आशीर्वादाने अबू बकरकडे आला, अलीच्या मुलाला ते पटलं नाही, आणि १८७९ मध्ये जमंताह या गावी लढाई झाली. अबू बकरच्या बाजूने लिहिलेल्या मजकुरात हे "बंड" म्हणून दोन ओळीत उरकतात. अलीच्या घरातून बघितलं तर मात्र तो आपलाच वाटा मागत होता.

शेवटचं वर्ष लिहिताना क्रम सांभाळा. १४ एप्रिल १८९५ ला त्याने जोहोरची लिखित राज्यघटना दिली, मलय राज्यांतली पहिली, आणि त्यात स्पष्ट घालून ठेवलं की राज्याचा कुठलाही भाग परक्या सत्तेला द्यायचा नाही. नंतर दोन महिनेही झाले नाहीत, ४ जून १८९५ ला तो लंडनच्या बेलीज हॉटेलात वारला. शव जहाजाने आणलं आणि ७ सप्टेंबरला जोहोर बहारूच्या महमूदिया दफनभूमीत पुरलं, म्हणून काही ठिकाणी मृत्यू जूनचा आणि काही ठिकाणी सप्टेंबर छापलेला दिसतो, सप्टेंबर दफनाचा. इंग्रजांचा जनरल ॲडव्हायझर, म्हणजे ज्याचा सल्ला राजाला ऐकावाच लागायचा असा अधिकारी, जोहोरला मान्य करावा लागला तो १९१४ मध्ये, मुलाच्या कारकिर्दीत, बापाच्या नावावर ते टाकू नका. आणि हा मुलगा सुलतान इब्राहिमही १९५९ मध्ये लंडनच्याच एका हॉटेलात वारला, तेव्हा "लंडनच्या हॉटेलात निधन" एवढंच कुठे वाचलंत तर आधी तो नावांचा कागद काढा आणि बाप की मुलगा ते बघा.