पहिल्या ट्रायथलॉनसाठी स्वस्तातला वेटसूट घेताय? या चुका टाळा

गावाकडच्या विहिरीत पोहायला शिकलेल्यांना पाठीला बांधलेला रिकामा डबा आठवत असेल. दोरी नीट आवळलेली असली की कंबर पाण्यावर राहायची आणि हातपाय मारायला उसंत मिळायची. दोरी सैल राहिली की तोच डबा मानेकडे सरकायचा, डोकं पुढे दाबायचा आणि पाय खाली जायचे. मी साताऱ्याकडच्या एका विहिरीत असाच शिकलो. पुढे मँचेस्टरला आल्यावर पहिला वेटसूट, म्हणजे गार पाण्यात पोहायचा रबरी पोशाख, अंगात चढवला तेव्हा तो डबाच आठवला. वेटसूटचं रबर म्हणजे निओप्रीन, आणि त्यात वायूचे बारीक बंद बुडबुडे असतात. तेच तुम्हाला वर उचलतात आणि ऊबही धरतात. अट तीच जुनी: अंगाला घट्ट बसलं तरच.

दरवर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर इथल्या आपल्या मंडळींचे आणि पुणे, कोल्हापूर, नाशिकहून युरोपातल्या ट्रायथलॉनना, म्हणजे पोहणं, सायकल आणि धावणं एकापाठोपाठ असलेल्या स्पर्धांना, येणाऱ्यांचे प्रश्न येतात. बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, "कितीपर्यंतचा घेऊ?" खरं तर तो तिसरा प्रश्न असायला हवा. आधी सूट लागणार आहे का ते बघायचं, मग तो अंगाला बसतो का ते, आणि किंमत त्यानंतर.

सूट लागणारच नाही, तरी घेतला

गोव्याच्या आयर्नमॅन 70.3 या लांब पल्ल्याच्या ट्रायथलॉनसाठी नाव नोंदवलं आणि लगेच वेटसूट मागवला, असे लोक मी पाहिले आहेत. ही स्पर्धा 2019 पासून होते आणि पोहणं पणजीत मिरामारच्या समुद्रात 1.9 किलोमीटरचं असतं. ते पाणी इतकं कोमट असतं की तिथे वेटसूटला परवानगीच नसते. मालवणच्या चिवला बीचवर सागरी स्पर्धेत पोहलेल्यांना डिसेंबरातही कोकणचं पाणी कसं असतं ते सांगायला नको. आपल्याकडच्या समुद्रातल्या पहिल्या स्पर्धेसाठी ट्रायसूट (पोहणं, सायकल, धावणं तिन्हींत अंगावर ठेवायचा घट्ट कपडा) आणि गॉगल पुरे. वाचलेले पैसे सायकलच्या टायरवर घाला.

बाहेर जाणार असाल तर नियमाचे आकडे पाठ करून ठेवा. आयर्नमॅनच्या स्पर्धांत हौशी स्पर्धकांना पाणी 24.5 अंश सेल्सिअसपर्यंत असेल तर वेटसूट चालतो. त्याच्या वर आणि 28.8 पर्यंत आयोजकांनी मुभा दिली तर घालता येतो, पण मग बक्षिसाच्या किंवा जागतिक स्पर्धेच्या जागेच्या यादीत तुम्ही धरले जात नाही. त्याहून गरम पाण्यात बंदी. वर्ल्ड ट्रायथलॉन या खेळाच्या जागतिक संघटनेच्या नियमांनी चालणाऱ्या 1500 मीटरपर्यंतच्या शर्यतींत ही मर्यादा 22 अंशांवरच येते, आणि 16 च्या खाली पाणी गेलं तर सूट घालावाच लागतो. जाडी कुठेही 5 मिलिमीटरपेक्षा जास्त चालत नाही.

हे तापमान स्पर्धेच्या आसपास मोजतात, नाव नोंदवताना नाही. ऑस्ट्रियात क्लागेनफुर्टच्या आयर्नमॅनमध्ये जिथे पोहतात ते वोर्थर सरोवर आल्प्सच्या पायथ्याशी असलं तरी उन्हाळ्यात चांगलंच तापतं, आणि सूट चालणार की नाही हा प्रश्न अगदी शेवटपर्यंत लोंबकळतो. सूट न्या, पण सूटशिवाय ते अंतर पार करायचा सराव करून जा. वेटसूटच्या भरवशावर पोहणं कच्चं ठेवणं ही या सगळ्यांतली सगळ्यात धोक्याची चूक आहे.

वाढत्या अंगाचा सूट

शाळेचा गणवेश वाढत्या अंगाचा घ्यायची आपल्याला सवय. "थोडा मोकळा असू दे, दम कोंडायला नको" म्हणून मीही पहिला सूट एक माप मोठा घेतला होता. कोरड्या जमिनीवर तो फार सोयीचा वाटला. मँचेस्टरजवळच्या सॅल्फर्ड कीजच्या पाण्यात शंभर मीटरही झाले नसतील, तोवर मानेतून गार पाण्याची धार आत उतरली, कंबरेच्या खोलगट भागात साचली, आणि प्रत्येक हाताबरोबर ती पाण्याची पिशवी पाठीवर हिंदकळत राहिली. ऊब नाही, तरंगणं नाही, वर दोन लिटर पाणी ओढतोय असं वाटत होतं. पोहणं संपलं तेव्हा दात वाजत होते.

वेटसूट दुसऱ्या कातडीसारखा बसायला हवा. सुरुवातीला आत थोडं पाणी शिरतं, ते शरीराच्या उष्णतेने कोमट होतं आणि तिथेच राहतं. आत-बाहेर पाणी खेळत राहिलं की तो पातळ कोमट थर टिकत नाही.

मापाचे तक्ते उंची आणि वजनावर बेतलेले असतात, आणि इथेच आपल्यापैकी अनेकांची पंचाईत होते. उंचीने छोटं माप निघतं, वजनाने मधलं. अशा वेळी छाती आणि कंबर टेपने मोजा आणि त्या मापांना जास्त महत्त्व द्या. काही कंपन्या बुटक्या-भरलेल्या आणि उंच-किडकिडीत अंगासाठी मधली मापंही काढतात, ती तक्त्याच्या तळाशी असतात, तिथपर्यंत वाचा. पायाची लांबी जास्त झाली तर फारसं बिघडत नाही. अनेक जण घोट्याजवळचे चार-पाच सेंटिमीटर धारदार कात्रीने सरळ कापून टाकतात, सूट काढायलाही त्याने सोपं जातं. मात्र आधी तो पाण्यात वापरून बघा, कारण कापलेला सूट दुकानदार परत घेत नाही. धडाची लांबी, म्हणजे जांघेपासून मानेपर्यंतचं अंतर, मात्र कापून किंवा ओढून दुरुस्त होत नाही. ते आखूड पडलं तर सूट खांद्यांना खाली ओढतो, लांब पडलं तर पाठीत पाण्याची पिशवी होते. बायकांनी सवलतीत मिळतोय म्हणून पुरुषांचा सूट शक्यतो घेऊ नये. खांदे आणि कंबर सैल राहतात आणि नितंबांवर ताण येतो.

घरी घालून बघताना दोन्ही हात सरळ वर करा. जांघेत जोराची ओढ बसली तर सूट एक तर आखूड आहे किंवा पुरता वर चढलेला नाही. काखेत आणि कंबरेच्या मागे चिमटीत रबर धरून बघा. सहज मूठभर हातात आलं तर मोठा. पोटभर श्वास घ्या. छातीवर दाब जाणवेल, तो जाणवायलाच हवा, पण श्वास अर्ध्यात अडकू नये. हे सगळं आरशासमोर पाचच मिनिटांत उरकू नका. सूट अंगात ठेवून निदान दहा मिनिटं घरात फिरा, कोरडे हात मारा. लेबलं तशीच राहू द्या.

"गळा आवळतोय, श्वास घेता येत नाही"

ही तक्रार सगळ्यात जास्त येते, आणि ऐकताच लोक मोठं माप मागवतात. दहापैकी निम्म्या वेळा तरी माप बरोबर असतं आणि चढवण्यात घाई झालेली असते, असा माझा अनुभव.

पहिल्यांदा सूट घालायला पंधरा-वीस मिनिटं लागतात, तेवढी द्या. नखं आदल्या दिवशी काढा. पायात पातळ प्लास्टिकची पिशवी घाला म्हणजे पाय सरकन जातो. मग बोटांच्या पेरांनी, नखांनी नव्हे, रबर थोडं थोडं वर सरकवत न्या: आधी पोटऱ्या, मग गुडघे, मग मांड्या. जांघेत एक बोटही पोकळी राहता कामा नये. इथे राहिलेली पोकळी पुढे गळ्यावर निघते. हाताच्या बाह्या मनगटाच्या थोड्या वर ठेवा आणि जास्तीचं रबर खांद्याकडे ढकला, खांद्यावर छोटी घडी पडेल इतकं. चेन लावताना दुसऱ्याला पाठीवरच्या चेनच्या दोन्ही कडा जवळ आणायला सांगा. चेन ताकदीने ओढायची नसते, ती सहज वर यायला हवी.

एवढं करूनही गळा आवळत असेल तर पाण्यात उतरून कॉलर पुढे ओढा आणि थोडं पाणी आत घ्या, मग बाहेर येऊन ते निथळू द्या. सूट अंगाला चिकटून बसतो आणि बराच मोकळा वाटतो.

थंड पाण्याचा धक्का ही मात्र वेगळी गोष्ट, तिचा मापाशी संबंध नाही. गार पाणी चेहऱ्याला लागलं की धाप लागते, छाती आवळल्यासारखी वाटते, आणि नवखा माणूस दोष सूटला देतो. फरक ओळखायची साधी खूण: कमरेएवढ्या पाण्यात उभं राहा, चेहरा बुडवा, फुंकर सोडा, असं दोन-तीन मिनिटं करा. धाप शांत झाली तर तो थंडीचा धक्का होता. शांत उभं राहूनही श्वास अपुराच पडत असेल तर सूट लहान आहे. आणि पोहताना सतत खोकला येऊ लागला, छातीत घरघर वाटली, फेस किंवा गुलाबीसर थुंकी आली, तर लगेच हात वर करून मदत मागा, बाहेर या आणि डॉक्टरांना दाखवा. पोहताना फुप्फुसात पाणी साठण्याचा हा प्रकार दुर्मीळ असला तरी खरा आहे. तिथे शर्यत महत्त्वाची नाही.

स्वस्त म्हणून भलताच सूट

सर्फिंगचा किंवा डायव्हिंगचा सूट कमी पैशांत मिळतो, दिसायलाही तसाच. पण त्याच्या बाहेरून कापड असतं, जे पाण्याला अडतं, आणि खांद्याला रबर जाड असतं. चारशे मीटरनंतर प्रत्येक हात उचलताना रबरबँड ताणल्यासारखं होतं. पोहण्याच्या सूटचं बाहेरचं रबर गुळगुळीत असतं, खांद्यावर दीड-दोन मिलिमीटर आणि धड-मांड्यांना तीन ते पाच. अमेरिकेत डॅन एम्पफील्ड यांनी 1987 मध्ये खास ट्रायथलॉनसाठी पहिला सूट काढला, तो याच गरजेतून. आज ब्रिटनमध्ये या जातीचा नवा साधा सूट साधारण 120 ते 200 पौंडांत मिळतो, सवलतीत त्याहूनही कमी.

महागड्या सूटकडे बघून हळहळू नका. त्याचं रबर जास्त ताणतं, खांदा हलका वाटतो, हे खरं. पण ते नाजूकही असतं, नखाने पटकन फाटतं. पाय बुडणाऱ्या नवख्याला साध्या सूटचं मांडीवरचं जाड रबर जास्त कामाला येतं. तलावात मांड्यांमध्ये पुल बॉय (पाय तरंगते ठेवणारा फोमचा ठोकळा) धरून पोहताना तुमचा वेग वाढत असेल, तर वेटसूटचाही तुम्हाला फायदा होईल हे समजा.

बिनबाह्यांचा सूट आणखी स्वस्त असतो. पाणी 18 ते 22 अंशांच्या आसपास असेल आणि खांद्यांना जखडल्यासारखं सहन होत नसेल तर तो खुशाल घ्या. हॅम्बुर्गच्या आल्स्टर तलावात किंवा इंग्लंडच्या तळ्यांत मे-जूनमध्ये उतरणार असाल तर मात्र पूर्ण बाह्यांचाच.

एकच स्पर्धा करायची असेल तर भाड्याने घ्या. भाड्यासाठी वापरलेले सूट हंगाम संपल्यावर, सप्टेंबरनंतर, विकायला निघतात. माझ्या मते स्वस्तातला सगळ्यात चांगला सौदा तोच. वापरलेला सूट उजेडात धरून बघा. जांघेची आणि काखेची शिवण ताणा, कॉलर चिरलेली नाही ना ते पाहा, चेन दोनदा वर-खाली करा. घडीवर पांढुरक्या भेगा असतील, रबर ताणल्यावर कडक लागत असेल, तर ते म्हातारं झालंय, फुकटही घेऊ नका. नखाचे छोटे काप मात्र निओप्रीनच्या गोंदाने घरी नीट बुजतात: दोन्ही कडांना पातळ थर, सुकू द्या, पुन्हा थर, मग दाबून धरा. परदेशातून भारतात मागवणार असाल तर सीमाशुल्क धरून हिशोब करा, कारण माप चुकलं तर परत पाठवायचा खर्चही तुमचाच.

शर्यतीच्या दिवशी पहिल्यांदा

निदान चार-पाच वेळा उघड्या पाण्यात सूट घालून पोहा, आणि प्रत्येक वेळी पळत बाहेर येऊन काढा. पाण्यातून निघताच चेन उघडायची, सायकलीपाशी पोचेपर्यंत सूट कमरेपर्यंत उतरलेला हवा. मग मांड्यांखाली ढकलायचा आणि एका पायाने दुसऱ्या पायाचं रबर तुडवून पाय ओढून घ्यायचा. ओला असतानाच तो सहज निघतो.

मानेला मागच्या बाजूने कॉलर घासून लाल चट्टा पडतो, खाऱ्या पाण्यात तो फार झोंबतो. तिथे घर्षण थांबवणारी कांडी लावा. व्हॅसलीन नको, पेट्रोलियमचे पदार्थ निओप्रीनला सोसत नाहीत असं सूट बनवणारेच सांगतात. खोबरेल तेल लावणार असाल तर गॉगल आधी चढवा, तेलकट बोट काचेला लागलं की पुढचं काही दिसत नाही.

घरी आल्यावर सूट उलटा करून साध्या गार पाण्यात खळबळून घ्या. पिळायचा नाही, मशीनमध्ये टाकायचा नाही, गच्चीवर उन्हात चिमटे लावून टांगायचा नाही. सावलीत, कमरेत दुमडून, जाड दांडीवर टाका. आतून सुकला की उलटवून बाहेरून सुकवा.