‘खाली बस’ न कळणारं मूल: वेगळ्या बोलीच्या मुलांसोबत बालवाडीचे पहिले आठवडे

‘खाली बस’ हे बालवाडीत दिवसातून पन्नासदा कानावर पडणारं वाक्य. बिहार किंवा उत्तर प्रदेशातून आलेल्या तीन वर्षांच्या मुलाला मात्र ‘खाली’ म्हणजे रिकामं आणि ‘बस’ म्हणजे पुरे, एवढंच माहीत असतं. ‘ये’ म्हटलं तर त्याच्या घरी त्याचा अर्थ ‘हे’. मूल गोंधळून उभंच राहतं, ताईंचा आवाज चढतो, मूल रडतं, आणि आठवडाभरात वहीत शेरा पडतो: ‘ऐकत नाही.’ मूल ऐकत असतं. शब्द त्याच्या ओळखीचे नसतात.

पुण्याच्या बांधकामांवरच्या वस्त्यांत अशी हिंदी बोलणारी मुलं भेटतात, सोलापुरात तेलुगू आणि कन्नड, तांड्यावर बंजारा, डहाणूकडे वारली, मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी आणि माडिया. यातल्या काही बोली मराठीच्या जवळच्या आहेत, पण कोरकू मुंडा कुळातली आणि गोंडी द्रविड कुळातली. कोरकूत पाण्याला ‘डा’ म्हणतात, गोंडीत ‘येर’. त्या मुलांना आपली मराठी ‘थोडी वेगळी’ वाटत नाही, ती सबंध परकी वाटते. म्हणून पहिलं काम हे ठरवणं, की समोरच्या मुलाच्या घरची भाषा आपल्यापासून किती लांब आहे. शेजारच्या राज्यातलं मूल आहे म्हणून सोपं जाईल आणि आपल्याच जिल्ह्यातलं आहे म्हणून मराठी येत असेल, हे दोन्ही अंदाज चुकतात.

सुरुवात गृहभेटीने करा, मूल बालवाडीत यायच्या आधी. वीस-पंचवीस मिनिटं पुरतात. वेळ त्यांची धरा: बांधकामावरच्या कुटुंबाला संध्याकाळी सातनंतर किंवा सुट्टीच्या दिवशी, शेतमजुरांना काम नसलेल्या दिवशी. दारात उभं राहून कागद भरायला लागलात की सरकारी चौकशी आली असं वाटतं आणि उत्तरं आखडतात. बसा, पाणी दिलं तर घ्या, का आलात ते आधी सांगा: ‘तुमच्या मुलीला तहान लागली, पोटात दुखलं, तर ती काय म्हणते ते मला कळायला हवं.’ या एका वाक्याने आया मोकळ्या होतात, कारण त्यांची खरी काळजी तीच असते. जात विचारायची या भेटीत काही गरज नाही.

विचारायचं ते एका पानात मावतं. घरी हाक कोणत्या नावाने मारतात. आई, वडील आणि दिवसभर सांभाळणारी आजी किंवा बहीण मुलाशी कोणकोणत्या भाषेत बोलतात (बरेचदा तिघांची उत्तरं वेगळी येतात, आणि सांभाळणाऱ्या माणसाची भाषा सगळ्यांत महत्त्वाची). काय खातं, काय घरात चालत नाही. कशाला घाबरतं, रडलं की कशाने शांत होतं. न्यायला कोण येणार. आणि शेवटी बारा शब्द: आई, पाणी, भूक, शू, शी, दुखतंय, ये, बस, दे, नको, झोप, घर.

हे बारा शब्द आईच्याच आवाजात, तिची परवानगी घेऊन, मोबाइलवर रेकॉर्ड करा. नुसते लिहून घेतले तर देवनागरीत उच्चार निसटतो. घरी दोनतीनदा ऐका, मोठ्याने म्हणून बघा, दुसऱ्या दिवशी आईसमोर म्हणा. ती हसून दुरुस्त करेल. त्या दुरुस्तीत तिची तुमच्याशी ओळख होते. मग मोठ्या अक्षरात कागद करून दाराच्या आतल्या बाजूला, तुमच्या डोळ्यांच्या उंचीवर लावा. मुलांसाठी तो नाही, तुमच्यासाठी आणि मदतनीसताईंसाठी आहे. तीन भाषा असतील तर तीन रकाने. बंजारा रकान्यात आईपुढे ‘याडी’ येईल, तेलुगूत नकोपुढे ‘वद्दु’, कन्नडमध्ये ‘बेडा’. दखनी (दख्खनकडची हिंदी-उर्दू बोली) बोलणाऱ्या घरचं मूल ‘पानी होना’ म्हणेल तेव्हा त्याला पाणी हवंय हे कळलं पाहिजे.

बारांतले शू आणि शी हे शब्द आधी पाठ करा. पहिल्या आठवड्यात मुलं चड्डीत करतात त्यामागे बरेचदा एवढंच असतं की सांगायचं कसं ते माहीत नाही. करंगळी वर करण्याची खूण पहिल्याच दिवशी सगळ्या मुलांना शिकवा, म्हणजे नव्या मुलाला ती एकट्यालाच करावी लागत नाही. कपडे ओले झाले तर चारचौघांत बोलू नका. बदलायचे दोन जोड कोपऱ्यात ठेवा.

आता वर्गातलं बोलणं. पहिले दोन आठवडे रोजच्या कामाची सातआठ वाक्यं पक्की ठरवा आणि ती तशीच्या तशी वापरा. आज ‘हात धुऊन घ्या’, उद्या ‘चला, हात स्वच्छ करूया’, परवा ‘हात धुतले का रे सगळ्यांनी?’ असं केलं तर मराठी येणाऱ्या मुलाला फरक पडत नाही, नव्या मुलासाठी मात्र ती तीन वेगळी कोडी होतात. प्रत्येक वाक्याला एक ठरलेला हावभाव जोडा आणि दोघी ताईंनी तोच करा. एका वेळी एकच सूचना. ‘खाली बस’ म्हणायचं तर आधी स्वतः बसा, सतरंजीवर थाप मारा आणि मग म्हणा. प्रश्न विचारल्यावर मनात दहापर्यंत मोजा. मुलाला शब्द ओळखायला, अर्थ लावायला आणि उत्तर शोधायला वेळ लागतो, आणि आपण बहुतेक वेळा तिसऱ्या सेकंदालाच दुसऱ्या मुलाकडे वळतो.

प्रत्येक वाक्याचा लगेच अनुवाद करू नका. हा मोह प्रेमापोटीच होतो, पण मूल हुशार असतं: आपल्या भाषेतलं वाक्य मागून येणारच आहे हे कळलं की ते मराठी ऐकायचं सोडून देतं. त्याऐवजी एकच गोष्ट आठवडाभर चालवा. पहिल्या दिवशी ती मुलाच्या भाषेत, आई किंवा आजी किंवा वस्तीतली एखादी मोठी मुलगी सांगेल, समोर खऱ्या वस्तू मांडून: टोपली, भाकरी, मातीचा बैल. दुसऱ्या दिवशी त्याच वस्तू घेऊन तुम्ही मराठीत सांगा, त्याच क्रमाने. तिसऱ्या दिवशी पुन्हा मराठीत, पण चारपाच मुख्य शब्दांपाशी थांबा आणि मुलांना वस्तू उचलू द्या. पुढचे दोन दिवस मुलं नाटक करतील, ज्याला ज्या भाषेत बोलायचं त्या भाषेत. गोष्ट आधीच कळलेली असल्यामुळे मराठी शब्दांना अर्थाचा आधार मिळतो.

मूल चुकीचं बोललं तर थांबवून सुधारू नका. ‘ताई, पानी होना’ म्हणालं तर ‘पाणी हवं? हे घे पाणी.’ एवढंच. बरोबर रूप त्याच्या कानावर पडलं आणि पाणीही मिळालं. ‘असं नाही म्हणायचं’ ऐकलेलं मूल पुढच्या वेळी तहानलेलं राहतं पण तोंड उघडत नाही.

गप्प राहणाऱ्या मुलाबद्दल घाई नको. नव्या भाषेत पडलेलं मूल काही आठवडे, कधी काही महिने, नुसतं ऐकतं. त्या काळात बघायचं ते असं: सूचना पाळतं का, इतरांकडे बघून करतं का, खेळताना स्वतःशी पुटपुटतं का, गाण्याचे हातवारे करतं का. हे दिसत असेल तर शिकणं चालू आहे. मात्र आईला एक प्रश्न नक्की विचारा: घरी, तुमच्या भाषेत, तो किती बोलतो? तिसऱ्या वर्षी मूल आपल्या भाषेत तीन शब्दांची वाक्यं जोडायला लागलेलं असतं. घरीही बोलत नसेल, पाठीमागून हाक मारल्यावर वळत नसेल, कान वाहत असेल, तर त्याला ‘भाषेचा प्रश्न’ समजून थांबू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं, त्यांना मूल दाखवा. पुढची भेट लांब असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवा. दोन्हीकडे चूक होते: भाषा न येणाऱ्या मुलावर मंदपणाचा शिक्का बसतो, आणि ऐकू न येणारं मूल ‘परप्रांतीय आहे, येईल हळूहळू’ म्हणून वर्षभर तसंच राहतं.

पालकांना द्यायचा सगळ्यांत घातक सल्ला म्हणजे ‘घरी मराठीतच बोला’. मोडक्या मराठीत आई दहा शब्दांत बोलणं आटपते. स्वतःच्या भाषेत ती भांडी घासताना शंभर गोष्टी सांगते. मुलाचा शब्दसाठा, हिशोब, का आणि कसं विचारण्याची सवय त्या बोलण्यातून येते आणि पुढे मराठीतही तीच कामाला येते. म्हणून सांगायचं असं: ‘घरी तुमच्या भाषेत भरपूर बोला, गोष्टी सांगा. मराठीचं आम्ही बघतो.’

पालकांशी बोलताना ‘तुम्ही’च म्हणा. हिंदीभाषक बाईला ‘तू’ म्हटलेलं फार लागतं, आणि आपल्याकडे सहज म्हटलं जातं. माहिती कळली का असं विचारलं तर उत्तर ‘हो, हो’ येणारच. त्यापेक्षा ‘उद्या किती वाजता आणाल? सोबत काय आणाल?’ असं विचारा, म्हणजे काय पोचलं ते समजेल. लेखी सूचनेऐवजी अर्ध्या मिनिटाचा आवाजी निरोप पाठवा, शक्य तर त्यांच्या भाषेत कोणाकडून बोलून घेऊन. दुभाषी म्हणून मोठ्या भावंडाला उभं करणं रोजच्या गोष्टींना ठीक. वजन कमी असणं, मारहाण, आजार अशा विषयांना ते मूल वापरू नका. आशाताई किंवा वस्तीतली विश्वासाची बाई शोधा. बैठकीत वडीलच बोलत असतील तर आईशी मूल न्यायला आल्यावर दोन मिनिटं वेगळं बोला. आणि तक्रार सांगायच्या आधी मुलाने आज केलेली एक नेमकी गोष्ट सांगा: ‘आज तिने मणी रंगाप्रमाणे लावले.’

नाव पूर्ण आणि बरोबर उच्चारा. अवघड वाटलं म्हणून ‘राजू’, ‘पिंकी’ करू नका. हजेरीत स्वतःचं नाव ओळखू न येणारं मूल ‘हजर’ म्हणत नाही, यात नवल काय.

जेवणाच्या पंक्तीत काळजी घ्या. अंडं न खाणाऱ्या घरचं मूल असेल तर अंड्याऐवजी केळं देण्याची सोय आधीच ठरवा आणि ताट वाढताना त्याचा गाजावाजा करू नका. डब्याला नाक मुरडणारी पहिली व्यक्ती बरेचदा मोठी माणसंच असतात, मुलं बघून शिकतात.

सण साजरे करताना एक सापळा टाळा: ‘विविधता दिन’ म्हणून मुलांना आपापल्या समाजाचे पोशाख घालून रांगेत उभं करणं. त्याने बंजारा मूल एक दिवस देखावा होतं आणि उरलेलं वर्ष परकं राहतं. बाहुलीघरात रोज त्यांच्या घरच्या वस्तू असू द्या: गोधडी, बांबूची टोपली, तवा, ओढणी. छठ या बिहारी सणाच्या सुमारास एखाद्या बिहारी आईला ठेकुआ या गोड पदार्थाची कणीक मुलांसमोर मळायला बोलवा, ईदला शेवया, होळीला तांड्यावरची गाणी. वीस मिनिटं पुरे. घरच्या वस्तूंनी शिकवण्याची ही वाट जुनीच आहे: बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये डहाणूजवळच्या बोर्डीला काम सुरू केलं. पुढे आदिवासी पाड्यांवरची मुलं बालवाडीत येईनात तेव्हा त्यांनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली, बिया, शिंपले, पानं हीच साधनं केली. पैसे कमी आहेत ही अडचण त्यांनाही होती.

चिडवाचिडवी ऐकू आली (‘ए बिहारी’, ‘पारधी आला’) तर तिथेच, शांत आवाजात थांबवा: ‘त्याचं नाव आहे, नावाने हाक मार.’ ज्याला चिडवलं त्याच्याजवळ बसा. मोठं भाषण नको. पण ऐकून न ऐकल्यासारखं करणंही नको.

ऊसतोडीची आणि बांधकामावरची मुलं मध्येच निघून जातात. पोषण ट्रॅकर या अंगणवाडीच्या सरकारी ॲपवर स्थलांतराची नोंद करालच, पण ते एक पान, म्हणजे हाकेचं नाव, बारा शब्द, खाणं, कशाने शांत होतं, याची प्रत आईकडे द्या आणि लसीकरणाच्या कार्डासोबत त्याच प्लास्टिकच्या पिशवीत ठेवायला सांगा. बाकीचे कागद वाटेत हरवतात, ते कार्ड आया जपून नेतात.