रन आउट हुकला, खांदा गेला

गोल्फ क्लब मैदानावर रविवारची टेनिस बॉलची मॅच. वॉर्मअप न करताच बाउंड्रीवरून थेट कीपरकडे थ्रो मारला आणि उजव्या खांद्यात कळ गेली. रन आउट झालाच नाही, हे वेगळं सांगायला नको. वर ओळखीच्या एकाकडून मालिश करून घेतली. रात्रभर डोळ्याला डोळा नाही.

हात बाजूने वर नेताना ६० ते १२० अंशांच्या मध्येच दुखायचं. फिजिओ म्हणाल्या, खांद्याची खोबण उथळ असते, दंडाच्या हाडाचा गोळा जागेवर धरतात ते रोटेटर कफचे चार स्नायू. त्यातल्या वरच्याचा टेंडन, म्हणजे स्नायू हाडाला जोडणारा दोर, दुखावला होता.

पहिले दोन आठवडे ओट्याला डावा हात टेकून वाकायचं आणि उजवा सैल सोडून झुलवायचा. आई म्हणाली, "घड्याळ झालास काय रे?"

खरा गुण आला रबरी पट्ट्याने. पट्टा दाराच्या कडीला बांधलेला, कोपर कमरेशी, मध्ये घडी केलेला नॅपकिन. हात बाहेर ओढायचा, १५ च्या ३ फेऱ्या. नॅपकिन पडला की ती खेप बाद. परत आणताना अगदी सावकाश. मी इथेच घाई करायचो. दुसऱ्या सकाळीही ठणकलं तर पट्टा हलका. जोडीला भिंतीवरचे पुशअप.

चौथ्या महिन्यात १० मीटरवरून २० हलके थ्रो, एक दिवसाआड. सध्या कव्हरला उभा राहतो. बाउंड्रीवर पोरं पाठवतो.